शाळेच्या पायपेटीची दुरुस्ती

अप्पा, काल औशाहून एकजण पायपेटी घेऊन आला. टेम्पोत गादीवर निजवून आणली होती. म्हणाला, "बाई, पाय मारून मारून गुडघे गेले, पण आवाजच भरून येत न्हाई." मी झाकण उघडायच्या आधी पायट्या हाणल्या, भाता भरला आणि एकही पट्टी न दाबता नुसती बसून राहिले. दहा मोजेपर्यंत भाता रिकामा. म्हणजे कुठेतरी हवा गळत होती. आधी हवा, मग लाकूड, सूर सगळ्यात शेवटी, हा तुमचा क्रम मी अजून मोडलेला नाही. संध्याकाळी हाताचा सरस धुताना आमच्या शाळेतली ती पायपेटी आठवली, आणि ओट्याशीच वही घेऊन बसले.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षीची गोष्ट. तुमचं पेटीदुरुस्तीचं दुकान नांदेडला, आणि मी लातुरात मास्तरीण होऊन तिसरं वर्ष चालू होतं. नव्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत बसत होत्या, पाट्यांचा रंग ओला होता, आणि पावसानं मात्र तोंड फिरवलं होतं. शाळेची विहीर आटलेली. पोरी दप्तराबरोबर पाण्याची बाटली घेऊन यायच्या. अशात सोमवारी मंत्री शाळेत येणार असं ठरलं. चाळीस मुलींचं स्वागतगीत बसवलेलं, आणि एका बंद पडलेल्या नाटक कंपनीकडून शाळेला मिळालेली जुनी पायपेटी ऐन वेळी बसली. हवा धरेना, आणि एक सूर पट्टी न दाबताच वाजत राही. हेडमास्तर सोलापूरहून माणूस बोलवायला निघाले होते. मी म्हटलं, "कशाला सर? माझे वडील करतात." फार तोऱ्यात म्हटलं.

तुम्ही शनिवारी दुपारच्या बसनं आलात, हत्यारांची पत्र्याची पेटी मांडीवर धरून. हेडमास्तर दारातच म्हणाले, "अप्पा, पोरी दोन महिन्यांपासून गाणं बसवून राहिल्यात. काहीही करा, पेटी बोलली पाहिजे." तुम्ही चहासुद्धा घेतला नाहीत. उकिडवे बसून आधी पायट्यांचे पट्टे पाहिले. एक कुजलेला होता, तो बदललात. मग भाता भरलात आणि अगरबत्ती पेटवून सांध्यासांध्यावरून फिरवलीत. एका जागी धूर सरळ जायचा सोडून फुटून बाजूला पळाला. "हितं हाय," तुम्ही म्हणालात. "लाकूड सुकून आखडलंय. औंदा पानीच न्हाई हवेत." फटीवर मेंढीचं पातळ कातडं सरसानं चिकटवलंत. सरस भिजवायला वाटीभर पाणी मागितलंत, तर शिपायानं आधी हेडमास्तरांकडे पाहिलं. आपोआप वाजणाऱ्या सुराचं कारण तर क्षुल्लक निघालं. पट्टीखालची झडप नीट बसत नव्हती, कारण तिच्या चामड्यात खडूचा खडा रुतला होता. तो चिमट्यानं काढून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात आणि हसलात. मला केवढा अभिमान वाटला. धुराची ती युक्ती मी पहिल्यांदाच पाहत होते. मी घरी असताना तुम्ही भात्याला कान लावून गळती शोधायचात, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

रविवारी सकाळी सूर लावायला बसलात. हेडमास्तर, गाण्याच्या बाई, शिपाई, सगळे भोवती बसले होते. सूर देणारी पितळेची एकेक पात खरवडायची, जागेवर घालायची, खालच्या सप्तकातल्या जोडीदाराबरोबर वाजवून बघायची. टोकाला खरवडली की सूर चढतो, बुडाला खरवडली की उतरतो, आणि एकदा गेलेलं पितळ परत येत नाही. खालचे सूर भराभर लागत गेले. वाजवताना तुम्ही डाव्या हाताची बोटं लाकडावर टेकवून धरत होता. वरच्या सप्तकात गेलात आणि तुमचा हात अडखळू लागला. एक पात टोकाला खरवडलीत. सूर जुळला. तुम्ही आणखी खरवडलीत. सूर चढला. तुम्ही आणखी खरवडलीत. गाण्याच्या बाईंनी मान खाली घातली. मला त्यांच्यासमोर कसंतरी झालं, आणि मी केवढ्यानं तरी ओरडले, "अप्पा, चढलाय की तो! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

तुम्ही खरवडायच्या पात्याची धार अंगठ्यानं पुसलीत, ते फडक्यावर ठेवलंत आणि हेडमास्तरांकडे वळून म्हणालात, "हाव. न्हाई येत. बारीक सूर दोन वर्सापासून येत न्हाई. पेटी मात्र आज पुरी करून देतो." हेडमास्तर भले माणूस. "सावकाश होऊ द्या," म्हणून सगळ्यांना घेऊन बाहेर गेले. मी तिथंच उभी. आई कायम म्हणायची, हाक मारली तरी वळत नाहीत, कामात असले की असंच. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं होतं. दोन वर्षं तुम्ही गिऱ्हाइकांच्या पेट्या बोटांनी ऐकत होता, आणि घरात एकालाही पत्ता नव्हता.

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तुम्ही तेवढं थांबला नाहीत. "कान गेलाय माझा, अक्कल न्हाई गेली," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. "सूर चुकला तर सूर चुकला म्हण. चार मानसांत माझं बहिरेपण काढू नको." मी हो म्हटलं. मग तुम्ही बिघडलेली पात बाजूला टाकलीत, डब्यातून दुसऱ्या पेटीची एक जुनी पात शोधून काढलीत आणि म्हणालात, "बस हितं समोर. चढा असला की हात वर, उतरा असला की खाली. जुळला की मूठ झाक. तोंडानं काही बोलू नको, मला नुसतं हात बघायचाय."

दिवसभर आपण तसेच बसलो. तुम्ही खरवडता, वाजवता, माझ्या हाताकडे बघता. सुरुवातीला मी घाबरून उगाच हात हलवत होते. तुम्ही म्हणालात, "घाई नको. लहर ऐक. दोन सूर जवळ आले की आवाज हेलकावतो. हेलकावा लांबत लांबत थांबला की झालं." आणि मला खरंच ऐकू यायला लागलं. लहानपणापासून तुमच्या दुकानात ऐकत आले होते, पण त्याला नाव नव्हतं. दुपारी टँकर आला, सगळी गल्ली घागरी घेऊन धावली. आपण उठलो नाही. माझ्या खोलीच्या शेजारणीनं आपल्यासाठी एक घागर भरून ठेवली.

सोमवारी मंत्री तीन तास उशिरा आले, पोरी गायल्या, पेटी भरून वाजली. तुम्ही मागच्या भिंतीशी उभे होता आणि तुमचं सगळं लक्ष वाजवणाऱ्या बाईंच्या पायांकडे होतं. बसस्टँडवर मी म्हटलं, "अप्पा, दुकान आता..." तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत. "रविवारी येत जा," म्हणालात.

मी येत गेले. शनिवारी शाळा सुटली की लातूर-नांदेड बस, रविवारचा दिवस दुकानात, सोमवारी पहाटेची बस. सहा वर्षं. लग्नानंतरही आले, पोटुशी असताना तेवढे दोन-चार महिने नाही आले. पहिल्याच रविवारी तुम्ही आलेल्या गिऱ्हाइकाला सांगून टाकलंत, "लाकूड आन् हवा मी बघतो. सूर पोरगी लावते. मला बारीक ऐकू येत न्हाई." दोघं-तिघं गेले सोडून. बाकीचे राहिले. उमरीचे एक भजनी बुवा तर मी असेन त्याच दिवशी यायचे. तुमच्यामागे दुकान गेलं, पण हत्यारं मी लातूरला आणली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पेट्याच करते.

हे पाकिटात घालणार नाही. वहीतच राहील, पेट्यांच्या नोंदींमागं.

एवढंच सांगायचं आहे. त्या रविवारी सगळ्यात शेवटी वरचा नी लावत होता. तुमचा अंगठा सुजला होता, पाठ सरळ होत नव्हती. पात चौथ्यांदा घातलीत, वाजवलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. सूर जरासा चढा होता. हेलकावा थांबला नव्हता. मी मूठ झाकली. तुम्ही लगेच मान डोलावलीत आणि स्क्रू आवळायला घेतलेत.