जावयाचा क्रेडिट रिपोर्ट

४ नोव्हेंबर
मृणालीचं जवळजवळ ठरलं. मुलगा प्रशील, धुळ्याचा. नोकरी चांगली, बोलतो कमी. तेच खटकतं. नवी बुलेट आहे, हप्त्यांवरच असणार. चौकशी करणं हा मुलीच्या बापाचा हक्क. नातेवाईक गोडच बोलतात. मी पतसंस्थेत कर्ज विभागात उगाच बसलेलो नाही. रिपोर्ट काढायचा.

५ नोव्हेंबर
हॉल बुकिंगला लागतं सांगून प्रशीलकडून पॅन कार्ड मागवलं. लगेच पाठवलं. एवढा भोळा? सावध राहायला हवं.

दुपारी मॅनेजर कौतिकभाऊ जामनेर शाखेत गेले. माझ्या लॉगिनने रिपोर्ट उघडला. सिस्टीम कारण विचारते. यादीत 'जावई' नाही. 'वैयक्तिक कर्ज' टाकलं. 'ग्राहकाची संमती आहे' यावर टिक केली. जावई होणार म्हणजे संमती आलीच.

एकही हप्ता थकलेला नाही. बुलेट रोखीने. इतकं स्वच्छ कसं असतं?

संध्याकाळी
प्रशीलचा फोन. घाबरलेला. त्याला मेसेज आलाय, आमच्या पतसंस्थेने त्याचा रिपोर्ट पाहिला म्हणून. नावावर कोणीतरी कर्ज उचलतंय म्हणतो. काका, तुम्ही तिथलेच, चोर शोधून द्या म्हणाला. म्हटलं, लक्ष घालतो, गवगवा करू नकोस.

६ नोव्हेंबर
त्याने सायबर पोलिसांत तक्रार दिली. पतसंस्थेलाही ईमेल. आजकालच्या पोरांना धीर नाही. उद्या सांगणार, सिस्टीमची चूक. दाढी करताना चारदा म्हणून पाहिलं. पटण्यासारखं वाटतं.

भीती वाटतेय. नोकरीची नाही, पोरीच्या लग्नाची. नोकरीचीही.

७ नोव्हेंबर
कौतिकभाऊंनी केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीन माझ्याकडे वळवली. म्हणाले, हाई लॉगिन तुमनं शे, आधारभाऊ. सिस्टीमची चूक तोंडातून निघालीच नाही. मुलीसाठी केलं म्हटलं. म्हणाले, अर्ज नाही, सही नाही, कायद्यात बसत नाही. मग तुम्ही मुलीचे बाप असा नाहीतर आजोबा. लेखी खुलासा द्यायचा. तोवर घरी.

पोलिसांना नाव कळण्याआधी प्रशीलला समजावणार. धुळ्याला स्वतः जाणार. उद्या नको, रविवार.

९ नोव्हेंबर
मी घरी का, हे विचारत मृणालीने सगळं काढून घेतलं आणि तीच धुळ्याला जाऊन आली. सगळं सांगितलं त्याला. तो म्हणाला म्हणे, काकांनी रिपोर्ट मागितला असता तर मीच पाठवला असता. तक्रार मागे घेतोय. लग्न होणार. मी म्हटलं, बघ, मुलगा चांगलाच निघाला, चौकशी वाया गेली नाही. ती उठून आत गेली.

लग्नाच्या पुढच्या बोलण्यांना तिची आई बसणार. मी फक्त मंडपवाल्याकडे जायचं.

संध्याकाळी कपाट उघडलं. मृणालीची फाईल नाही. मार्कशीट, आधार, पासबुक, काहीच नाही. विचारलं. म्हणाली, पप्पा, ते आता माझ्याकडे राहील.