डिशवॉशरची चाळणी आणि माझा डाव

सूनबाई,

आधी कबुली देतो, मग काय रागवायचं ते रागव. गेले तीन महिने तू ऑफिसला गेलीस की डिशवॉशरमधून निघालेली भांडी मी पुन्हा हाताने घासत होतो. चिकटलेले कण बघवत नव्हते आणि तू हौसेने आणलेल्या मशीनला नावं ठेववत नव्हती.

आज राहवलं नाही. चाळीस वर्षं बसची इंजिनं उघडली, हे काय मोठं लागून गेलंय! तळाची चाळणी फिरवून काढली, तर आत भाताचा लगदा आणि बरणीचं लेबल. ब्रशने स्वच्छ धुतली. दुसरा गुन्हेगार मीच. मी रोज उभा खोचतो तो लांब डाव पाणी उडवणाऱ्या पंख्याला अडत होता, त्यामुळे पंखा फिरतच नव्हता. डाव आडवा ठेव. ताटांमध्ये बोटभर जागा सोड. खरकटं नुसतं खरडून टाक, आधी विसळत बसू नकोस.

पेले असे लख्ख निघाले की मी शीळ घालत नाचलो. शेजारच्या बाई धावत आल्या.

"आजोबा, बरे आहात ना?"

मी पेला दाखवला. त्या बघतच राहिल्या.

"आमचंही मशीन बघाल का हो?"

तिकडेच निघालोय, पाने-पक्कड घेऊन. त्यांच्यानंतर वरच्या मजल्यावरही बोलावलंय. तुम्ही दोघं जेवून घ्या, माझी वाट बघू नका. आज मी कामावर आहे.

— बाबा