बिननावाच्या बारा वड्या

अहो,

मांडूच्या शिबिराची तुमची बॅग दाराशी ठेवली आहे. कागद मापाने कापून बोर्डाला चिकटवले आहेत, ईझलचा सैल स्क्रू घट्ट केला आहे. टोपी वरच्या कप्प्यात आहे.

रंगपेटीही भरली आहे. फक्त रंगाच्या बारा वड्यांखालच्या, माझ्या अक्षरात नावं लिहिलेल्या पट्ट्या काढल्या आहेत आणि वड्यांच्या जागा बदलल्या आहेत. ट्यूबांवर नावं छापलेली असतात, म्हणून त्या मी सोबत नेते आहे. तुम्ही घरी याल तोवर रंगांचं दुकान बंद झालेलं असेल, आणि तुमची बस सकाळी सहाची आहे.

तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, हे एकवीस वर्षांत मी कुणाला सांगितलं नाही. पुढेही सांगणार नाही. पण रविवारी तुमची चित्रकार मंडळी आपल्याकडे जमली होती, त्यातल्या मोरोपंतांनी विचारलं, "पेटी वहिनी लावून देतात का?" तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिला रंगातलं काय कळतंय, भिया! कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, घरी माझे ब्रश धुते." सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते.

मांडूला सध्या डोंगर हिरवे आहेत आणि महालाचा दगड लाल. वीस जणांसमोर तुम्हाला तेच रंगवून दाखवायचं आहे.

मी आज मांडूच्या वाटेवर, धारला ताईकडे थांबते. शिबिरात मीही नाव नोंदवलं आहे. उद्या पहिल्या रांगेत बसेन. लाल कोणता, ते विचारा, लगेच सांगेन. फक्त सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा.

हेमांगी