सेठजी अंदर हैं

मी, इंदिरा तुळशीराम ढोक, वय अडुसष्ट, राहणार कांचघर, जबलपूर, धंदा मोटार वाइंडिंग (वकीलसाहेबांनी इथे ‘घरकाम’ टाइप केले होते, ते मी खोडले, कारण पुढे येईल), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांच्याशी कर्तव्य नाही.

१. घर आणि पुढच्या खोलीतले दुकान माझ्या स्वकमाईचे. माझ्यामागे यजमान तुळशीराम हयात असेपर्यंत घरात राहण्याचा पहिला हक्क त्यांचा. त्यांना स्वयंपाकघरातून कोणी हलवू नये.

याला थोडी हकिकत लागेल. आम्ही वरूडहून इथे आलो तेव्हा जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचे काम मला येत होते, वडिलांच्या दुकानात शिकलेले. यजमानांना तारेची भीती, पण पोळ्या अशा करत की मी लाजावे. पहिल्याच उन्हाळ्यात रांझीचा एक गृहस्थ बाईच्या हातात तार पाहून कूलरची मोटार उचलून निघाला. मी म्हटले, “भैया, सेठजी अंदर हैं, वही भरेंगे.” तो थांबला. सेठजी खरोखरच आत होते, कणीक मळत.

तेव्हापासून लोकांच्या लेखी कारागीर ते आणि मी नुसती बाहेर बसणारी. “सेठजी के हाथ में जादू है,” असे कोणी म्हटले की मी मान डोलवायची आणि आत जाऊन जेवायची. सुखाचा संसार झाला.

२. दुकान, वाइंडिंग मशीन व सर्व हत्यारे सून क्षमा हिला. तिचा हात बसला आहे. अट एकच. सेठजी कुठे, असे कोणी विचारले तर ‘अंदर हैं’ म्हणायचे नाही. “बोलिए, मैं ही हूँ,” म्हणायचे. गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्यावे, मे महिन्यात परत येते.

३. पितळी भांडी, पोळपाट आणि खलबत्ता मुलगा विपुल याला. ऑफिसातून आल्यावर तो खिडकी लावून वरणाला फोडणी देतो. खिडकी उघडी ठेवावी, ठसका कमी लागतो.

४. दीर गणपत म्हणाले होते, बाईने भरलेली मोटार चार दिवस टिकत नाही. त्यांचा टेबलफॅन मीच भरलेला, अजून फिरतो. त्यांना वेगळे काही देत नाही, तो वारा पुरे.

५. हा मसुदा वाचून दाखवला तेव्हा यजमानांची पोळी तव्यावरच राहिली. “काहून लिहून राहिली हे? रांझीपर्यंत लोक हसतील न मले.”

मी म्हटले, “तुम्ही नाही म्हणाल तर माझ्या नावापुढे परत ‘घरकाम’ लिहिते.” तसे लिहिणे मला फार जड गेले असते, हेही नोंदवते. करपलेली पोळी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

त्यांच्या संमतीची जागा मी कोरी सोडली आहे. तिथे काय लिहायचे ते त्यांनी ठरवावे.

ठिकाण: जबलपूर
दिनांक: १२ एप्रिल २०२५

सही: इंदिरा तुळशीराम ढोक

आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार:
१. विष्णुपंत दाणी, निवृत्त शिक्षक, कांचघर
२. शरयू मोघे, ओमती

यजमानांची संमती, त्यांच्याच हस्ताक्षरात:
वाचले. मान्य आहे.
तुळशीराम ढोक, वय त्र्याहत्तर, धंदा: घरकाम.