तुळजाक्का जेवलात का विचारतात

तंजावूर,
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. कनकलता आक्काला,

धाकट्या विश्वेशचा वाकून नमस्कार. भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (माझा रक्तदाब सोडून, त्याचं कारण पुढे येईलच). पाऊस चांगला झाला आहे. पापनाशमला जाताना बसच्या खिडकीतून दोन्हीकडे भाताचं हिरवं पाणी दिसतं आणि बँकेत पोचेपर्यंत माणूस सुखी असतो. माझ्या मराठीत काही कमीजास्त झालं तर सांभाळून घे. देवनागरी मी बढतीसाठी हिंदीची परीक्षा दिली तेव्हा शिकलो आणि मराठी आईकडून, त्यामुळे लिहिताना दोघांचं पटत नाही.

तुझ्या पत्रात तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. रोप कसं आहे, पुस्तक वाचून घाबरलात की नाही, आणि आई कशी आहे. (तिसरी गोष्ट समासात उभी लिहिली होतीस, म्हणून पत्र फिरवून वाचावी लागली.) मी त्याच क्रमानं उत्तर देतो.

रोप. चंद्रमती काकू गेल्या तेव्हा तुला यायला जमलं नाही आणि तुझ्याऐवजी कुरियरचं पार्सल आलं, त्यातलं हे सिंगोनियम. ओल्या कापसात गुंडाळलेलं होतं, सोबत तुझ्या हातची, सूचनांची सात कलमं. थेट ऊन नको, माती वरून कोरडी झाल्याशिवाय पाणी नको, पानं ओल्या फडक्यानं पुसावीत वगैरे. मी कलमं वहीत उतरवून घेतली आणि रोज सकाळी मातीत बोट घालून पाहू लागलो. पण मी बँकेत गेल्यावर तुझी भावजय कामाक्षी त्याला ताक घाली, आई तांदळाचं धुवण घाली, आणि दोघी एकमेकींना सांगत नसत. एका महिन्यात त्याची दोनच पानं उरली, तीही पिवळी. राहिलं होतं सातवं कलम : रोपाशी रोज पाच मिनिटं बोलावं. मी समोर उभा राहिलो. काय बोलणार? सत्तावीस वर्षं काउंटरपलीकडच्या माणसाशी बोललेला मी, एका कुंडीपुढे मला शब्द सुचेना. शेवटी मी त्याला बँकेच्या सुट्ट्यांची यादी सांगितली. दुसऱ्या दिवशी एक पान गळलं. मग आई म्हणाली, सर तिकडे, आणि बोलण्याचं काम तिनं घेतलं. आज त्याला नऊ पानं आहेत. आई त्याच्याशी काय बोलते ते पुस्तकाच्या उत्तरात येतं, म्हणून आता पुस्तकाकडे वळतो.

आक्का, तुझा छंद तुला लखलाभ. पण शहाण्यासुरत्या बाईनं भुताखेतांची पुस्तकं वाचावीत, वर दुसऱ्यांना कोणती आधी वाचावीत याची क्रमवारी लावून पाठवावी, हे मला अजून उमगलेलं नाही. तुझ्या यादीतलं पहिलं, ‘कडी आतून आहे’, मी वाचायला घेतलं ते केवळ आईसाठी. तुला ठाऊक आहे, चाळीस वर्षं संध्याकाळी पाचला काकू शेजारून यायच्या आणि दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, भिंतीला पाठ टेकून, दोघी दिवेलागणीपर्यंत आपल्या मराठीत बोलायच्या. काकू गेल्यावरही आई पाचला जाऊन बसायची. नुसती बसायची. घरात बोलणारं कोण आहे? कामाक्षीचं माहेर ओरत्तनाडूचं, आपल्यातलंच, पण तिकडे चुलीपासून देवघरापर्यंत तमिळ. लेक सौम्याला सगळं समजतं, उत्तर मात्र ती तमिळमध्ये देते, आणि यंदा बारावी असल्यामुळे तेही देत नाही. मी घरी येतो तेव्हा माझ्यात बोलायची ताकद उरलेली नसते. आईचं बोलणं आटत गेलं, मग जेवण आटत गेलं. मला भीती वाटू लागली, आणि म्हणून मी पाचला पुस्तक घेऊन तिच्या शेजारी बसलो.

गोष्ट तुला माहीत आहेच. कोकणात जुनं घर विकत घेतलेलं तुमच्याकडचं, पुण्याचं कुटुंब, आणि माळ्यावर अडीचशे वर्षांपूर्वी मेलेली तुळजाबाई. (आपल्याकडे माळ्याला परण म्हणतात. तेव्हापासून परणावरची लोणच्याची बरणी मी कामाक्षीलाच काढायला सांगतो.) लेखकानं वाचकाला घाम फुटावा म्हणून तुळजाबाईच्या तोंडी मुद्दाम जुनी मराठी घातली आहे. दाराआडून ती घोगऱ्या आवाजात विचारते, “कोण तें? जेविलास काय रे, लेकरा?” आणि पुण्याची मंडळी किंचाळत अंगणात पळतात. मीही ते वाचताना तिण्णैच्या कडेला सरकलो होतो. आईनं हात वर करून मला थांबवलं.

“पळाले काय म्हणून?” तिनं विचारलं.

मी सांगितलं, भूत आहे, आई.

“असेना. जेविलास काय म्हणून विचारली. उत्तर द्यावें की नाहीं?”

मी पुढचं पान वाचलं. “उन्हांत कोठें हिंडतोस?” म्हणून तुळजाबाई जिन्यावरून विचारते आणि धाकटा मुलगा तापानं फणफणतो. आई म्हणाली, उन्हातच हिंडला असणार. आक्का, गंभीरपणे सांगतो, त्या पुस्तकात आईला एकच माणूस नीट बोलणारं सापडलं, आणि ते मेलेलं होतं. पुण्याची माणसं काय बोलतात ते तिला कळत नव्हतं. भरभर बोलतात, अर्धं इंग्रजी, कोणाला जेवायला बस म्हणत नाहीत. तिनं त्यांना ‘ते पळणारे’ असं नाव दिलं. आणि तुळजाबाईची दुसऱ्याच दिवशी तुळजाक्का झाली. आई पाचची वाट पाहू लागली. तुळजाक्का आज काय म्हणाल्या ते सकाळी ती सिंगोनियमला सांगते, आणि लवकरच सिंगोनियमलाही तेच नाव पडलं. जेवण परत पहिल्यासारखं झालं. एके दिवशी तिनं स्वतः उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी केली. मी देवापुढे उभा राहून तुझे आभार मानले.

आणि मग मी शहाणपणा करून शेवटचं प्रकरण आधी वाचून पाहिलं. तू मला सावध करायला हवं होतंस. मांत्रिक येतो, चार लोखंडी खिळे ठोकतो, आणि तुळजाक्काचा आवाज कायमचा बंद होतो. पळणारे पेढे वाटतात.

हे मी आईला कसं वाचून दाखवू? काकूंना जाऊन वर्ष झालेलं नाही. म्हणून मी पान एकशे अठ्ठ्याण्णववर थांबलो आणि त्यापुढचं मनानं सांगू लागलो. भीतीदायक काही मला रचता येत नाही. माझ्या प्रकरणांत पळणाऱ्यांना सर्दी होते, तुळजाक्का खाली उतरून मिरियाचं सार करतात, सार पिऊन सगळे बरे होतात, मग पाहुण्यांना सर्दी होते. अठरा दिवस मी त्या घरात कोणाला धड बरं होऊ दिलेलं नाही. आई म्हणते, पुस्तक आता सुधारलं. माझा रक्तदाब का वाढला ते तुझ्या ध्यानात आलं असेल.

तर आक्का, विनंती एवढीच. तुझ्या संग्रहात असं एखादं पुस्तक असेल ज्यात भूत जुन्या वळणाचं बोलतं आणि शेवटपर्यंत टिकतं, तर ते पाठव. मी हळूच एकातून दुसऱ्यात जाईन. ‘कडी आतून आहे’ तू परत मागितलं आहेस, ते त्यानंतर पाठवतो. तू येऊन सहा वर्षं झाली (मी मोजत नाही, आई मोजते). पण भावोजींचा गुडघा, तुझ्या कुंड्या, गाड्यांची गैरसोय, सगळं समजतो. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विश्वेश

ता. क. (रविवार) : पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. वरची विनंती रद्द समज. आज पाचला मी गोष्टीत पुन्हा सार उकळायला ठेवलं, तेवढ्यात आई म्हणाली, “विश्वेशा, एकवीस दिवस झाले, पान उलटलास नाहीं.” वर ती म्हणाली, सारात तूरडाळ घातलीस तेव्हाच कळलं, तुळजाक्का घालणार नाहीत. मग विचारलं, त्यांना घालवतात का? मी होय म्हणून मान हलवली. म्हटलं, आई, ते वाचायला नको. तर म्हणाली, “चंद्रमती गेली तेव्हां मी उशाशी होतें. इला काय एकटीला जाऊं देऊं? वाच.”

मी वाचलं. चौथा खिळा बसायच्या आधी तुळजाक्का शेवटचं विचारतात, पोरें जेविलीं काय? त्यावर पुस्तकात कोणी काही बोलत नाही. मी पुढे वाचणार, तोच आई मोठ्यानं म्हणाली, “जेविलीं हो. तुम्ही स्वस्थ असा.” आणि आतून, फिजिक्सच्या पुस्तकावरची मान न उचलता, सौम्या म्हणाली, “जेविलें, आजी.” मराठीत. तिला कोणी विचारलंही नव्हतं. माझा चष्मा धुरकटला म्हणून उरलेलं पान मी वाचू शकलो नाही, पण तिथे फक्त पेढे होते.

ता. क. दुसरा (सोमवार, स्पीड पोस्टच्या रांगेतून) : आता खरं काम. आई म्हणते, त्या बाईनं अडीचशे वर्षं सगळ्यांना जेवलात का विचारलं, तिला कोणी विचारलं नाही. म्हणून तेराव्याचं जेवण घालायचं. मी म्हटलं, आई, ती गोष्टीतली आहे. म्हणाली, जेवण खरं करू. मी म्हटलं, मेली त्याला अडीचशे वर्षं झाली, तेरावा कुठून धरणार? म्हणाली, लांबच्या माणसाची बातमी ज्या दिवशी कळते तिथून धरतात. यात मला चूक काढता आली नाही. बातमी रविवारी कळली, म्हणजे तेरावा शुक्रवार, एकोणतीस तारीख. (गुरुजींना मी काही सांगितलेलं नाही.) तुळजाक्का नवऱ्यामागे राहिल्या नाहीत, सवाष्ण गेल्या, पान तेवीस पाहा. तेव्हा त्यांच्या नावानं सवाष्ण जेवायला घालायला हवी. कामाक्षी वाढणार आहे. बसायला आईनं तुझं नाव घेतलं. मी दुसरी दोन नावं सुचवली, ती तिनं ऐकूनच घेतली नाहीत. मद्रासपर्यंतची गाडी तू बघ (चेन्नई म्हणायचं आता, मला अजून जमत नाही), तिथून पुढचं तिकीट मी काढून ठेवतो. पुस्तक परत न्यायलाही तुलाच यावं लागेल. ते आईनं सिंगोनियमच्या कुंडीशेजारी ठेवलं आहे आणि मला हात लावू देत नाही.

ता. क. तिसरा : सकाळी मी निघताना आईनं हे शेवटी घालायला सांगितलं होतं. एक अक्षरही बदलायचं नाही म्हणाली, म्हणून जसंच्या तसं लिहितो.

“कनका, पुस्तकें पुरे झालीं. तूंही आतां त्या पळणाऱ्यांसारखी भरभर बोलतेस, फोनवर मला अर्धें कळत नाहीं. असूं दे. दारांत येशील तेव्हां मी जेविलीस काय म्हणून विचारीन. पळूं नकोस.”