पंधरावी विद्यार्थिनी

४ ऑगस्ट
नवीन सत्र. ओपन इलेक्टिव्हमध्ये यंदाही आपला विषय सुरू: खडक आणि खनिजे. विद्यार्थी पंधरा. विषय चालायला किमान पंधराच लागतात, त्यामुळे तो बंद करता येईना आणि प्राचार्यांचा चेहरा पडला. सहदेव सरांच्या योगाला ऐंशी पोरं. ऐंशी पोरं शवासनात घोरतात आणि त्याचं क्रेडिट मिळतं.
मला संख्येत रस नाही. दर्जा महत्त्वाचा. आकाशातून दगड पडून झालेलं सरोवर लोणारात, आणि लोणारात दगडांबद्दल शिकवणारा मी एकटा, तोही तासिका तत्त्वावर. असो. यंदा तक्रार करायची नाही असा संकल्प आहे.

६ ऑगस्ट
सफा अब्दुल गनी. स्टँडजवळच्या गादीवाल्यांची मुलगी. बेसाल्टचा तुकडा हातात दिला तर तिने उलटसुलट करून पाहिला. बाकीच्यांनी न बघता पुढे सरकवला. हिच्यात मला भूशास्त्रज्ञ दिसतो. अशी नजर असायला लागते. माझी.

८ ऑगस्ट
तास संपल्यावर सफा थांबली. जॉर्जियातल्या दोन मेडिकल कॉलेजांत अर्ज केलाय म्हणे. ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू होणार. तयारीला वेळ पुरत नाही, तर हा विषय सोडून घरबसल्या करायचा एखादा ऑनलाइन कोर्स घेऊ का, असं विचारत होती. विषय बदलायची शेवटची तारीख ३० ऑगस्ट.
मी म्हणालो, निर्णय तुझा. शिक्षकाने तटस्थ राहावं. मग पाऊण तास तटस्थ राहून तिला विषय न सोडण्याची कारणं सांगितली.

११ ऑगस्ट
छायाला सगळं सांगितलं. तिचं माहेर वडनेर भोलजी, त्यामुळे बोलणं तासलेलं नाही. म्हणाली, थे पोरगी गेली तं तुमचा तास बंद होते ना? मंग असं सांगा ना सरळ.
बायकोला समजावून सांगितलं की प्रश्न माझ्या तासाचा नाही, मुलीच्या बौद्धिक जडणघडणीचा आहे. मी तत्त्वाचा माणूस आहे.
हाव, म्हणाली. तासिका तत्त्वाचा.
भाकरी करपली होती. तशीच खाल्ली.

१३ ऑगस्ट
तोडगा सापडला! इंटरव्ह्यूची तयारी माझ्याच तासाला. म्हणजे तिला विषय सोडायचं कारणच उरत नाही. खडक कुठे पळून जात नाहीत.
मी जॉर्जियाचा डीन झालो. खुर्ची फळ्यासमोर, मफलर गळ्यात. डॉक्टर का व्हायचंय, हे सगळ्यांना इंग्रजीतून विचारलं. दोघं म्हणाले, व्हायचंच नाही. सफाने सांगितलं की तिचा धाकटा भाऊ लोणार–मेहकर एसटीत जन्मला. बसमध्ये कंडक्टर होता, ड्रायव्हर होता, डॉक्टर नव्हता. तिची आई मुबीना आजही त्या रस्त्याने बसमध्ये बसत नाही.
मी म्हणालो, फार भावनिक होतंय. त्यात शरीरातल्या लोह आणि कॅल्शियमबद्दल दोन वाक्यं टाक. तिने मान डोलावली.
हजेरी शंभर टक्के. विषयाची गोडी लागत आहे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर अब्दुल गनीभाईंनी चहाला थांबवलं. म्हणाले, सर, पोरगी घरी तुमच्याच तासाचं सांगत राह्यते. मी नम्रपणे मान खाली घातली. मग म्हणाले, थे मफलरचं लय सांगते.
त्यांनीच विचारलं, विषय सोडू द्यू का तिले? मी पुन्हा तटस्थ राहिलो. फक्त एवढंच म्हणालो की परदेश म्हणजे परदेश. भाषा वेगळी, खाणं वेगळं, थंडी तर हाडं फोडणारी.
गनीभाई म्हणाले, थंडीचं काई नाई सर. गाद्या आपल्याच हायेत.

२० ऑगस्ट
पहिला इंटरव्ह्यू घरून, मोबाईलवर झाला. म्हणजे झाला नाही. नाव सांगून होईपर्यंत नेटवर्क गेलं, स्क्रीनवर समोरच्या बाईंचं उघडं तोंड तेवढं राहिलं. परत जोडलं तोवर त्यांची वेळ संपली होती. आज सफाचे डोळे सुजलेले. मला फार वाईट वाटलं.
रोजनिशी खरी असावी म्हणून लिहितो: किंचित बरंही वाटलं. पण ते नेटवर्कबद्दल. त्यावर माणसाचा ताबा नसतो.

२२ ऑगस्ट
दुसरा आणि शेवटचा इंटरव्ह्यू २५ला, अकरा वाजता. सफा म्हणाली, सर, कॉम्प्युटर रूममध्ये केबलचं इंटरनेट आहे, तिथे बसू का? चावी माझ्याकडे असते. कॉलेजातल्या बिनमहत्त्वाच्या सगळ्या चाव्या माझ्याकडे असतात.
बघू म्हणालो. प्राचार्यांची परवानगी लागेल, रजिस्टरमध्ये नोंद लागेल, शिवाय यूपीएसचा भरवसा नाही.
योगायोगाने २५लाच अकरा वाजता सरोवरावर क्षेत्रभेट ठेवायचं माझ्या मनात आलं. निव्वळ शैक्षणिक कारण: दगड तिथे आहेत. वर्गात जाहीर केलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सफाने वहीत तारीख आणि वेळ लिहून घेतली. रागावली असती तर बरं झालं असतं.

२४ ऑगस्ट
छाया म्हणाली, जेवून काऊन नाई राह्यले? पित्त, म्हणालो.

२५ ऑगस्ट
क्षेत्रभेट. चौदा जण हजर. निघताना सफा कॉम्प्युटर रूमच्या बंद दाराशी उभी दिसली, कुणाकडून तरी मागून आणलेला लॅपटॉप छातीशी धरून. मी घाईत होतो.
उतारापाशी पोहोचलो. पोरांना उभं केलं आणि म्हणालो, हा जो बेसाल्ट... पुढचं सुचेना. तोच बेसाल्ट, आठ वर्षं तेच वाक्य, सुचेना. मग लक्षात आलं, हातोडी राहिली. हातोडीशिवाय क्षेत्रभेटीला अर्थ नाही. कॉलेजकडे पळत निघालो. या वयात शोभत नाही, पण हातोडी महत्त्वाची असते.
हातोडी घ्यायच्या आधी जाता जाता कुलूप उघडून दिलं. अकराला दोन-चार मिनिटं होती. सफा आत जाऊन बसली. थँक यू वगैरे म्हणायलाही वेळ नव्हता तिला.
मी दाराबाहेर थोडा टेकलो. धाप लागली होती म्हणून. ऐकू येत होतं. सफाने एसटीचं सांगितलं. लोह नाही, कॅल्शियम नाही. तिकडच्या बाई हसल्या, मग बराच वेळ गप्प झाल्या. मला वाटलं नेटवर्क गेलं. गेलं नव्हतं.
परत उतारापाशी आलो. चौदाच्या चौदा जण तिथेच थांबलेले. हे पहिल्यांदाच घडलं. एकाने विचारलं, सर, उघडलं का? मी हो म्हणालो. हातोडी आणली नव्हती. त्याबद्दल कोणीच विचारलं नाही.

२८ ऑगस्ट
सफाची निवड झाली. गनीभाईंनी बालूशाही पाठवली. अर्थात माझ्या मफलरचा वाटा कोणी नाकारणार नाही.
आता ती विषय सोडणार, सही घ्यायला येणार. संकल्प: चेहरा हसरा ठेवायचा. विषय बंद पडल्यावर काय, याचा विचार ३१ तारखेला.

२९ ऑगस्ट
सोडत नाही!! ऑक्टोबरात जाईपर्यंत तुमच्याच वर्गात बसते, म्हणाली. जॉर्जिया एकीकडे, बेसाल्ट एकीकडे, आणि बेसाल्ट जिंकला. शिक्षक म्हणून यापेक्षा काय हवं? छायाला सांगितलं. हाव का, म्हणाली, आणि न मागता आणखी वरण वाढलं.

३० ऑगस्ट
पाच वाजता यादी बंद झाली. पंधरा कायम. सहदेव सरांचे बारा कमी झाले. मला आनंद वगैरे झाला नाही. झाला.
गेटपाशी सफा आणि इतर पोरं भेटली. सगळ्यांसमोर तिला विचारलं, आता सांग, विषयात असं काय सापडलं की सोडवेना? उत्तर इतरांच्या कानावर पडावं अशी इच्छा होती.
ती जरा घुटमळली. मग म्हणाली, सर, तीस तारखेपर्यंत पंधरा टिकले तर सत्रभर विषय बंद करता येत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलं की तोवर कोणी हलायचं नाही. तिघांना योगाकडे जायचं होतं, त्यांनाही तिनेच थांबवलं.
मी विचारलं, काऊन?
म्हणाली, तुमचे तास गेले तं तुमी काय करसान सर?
एवढ्या हळू आवाजात, जसं काही मी तपासणी टेबलावर पडलेलो आहे.
कोणी हसलं नाही. हसले असते तर मला काहीतरी टाकून बोलता आलं असतं.
जाता जाता ती परत वळली. म्हणाली, सर, पोरं विचारून राह्यले, इंटरव्ह्यू तं झाला, आता खडकाचं शिकवसान का? महिन्यात एकबी धडा झाला नाही.
घरी येऊन पुस्तक काढलं. सोमवारी धडा पहिला. दोनदा वाचावा लागेल.