पेटी मुलीला, दार आहे तिथेच

आमच्या चर्चच्या बांधकामाला काय खर्च आला, तो आकडा दाराजवळच्या दगडात कोरलेला आहे. आकडा खोटा नाही, अपुरा आहे. खरा खर्च असा: एक खेचर, माझ्या अंगठ्याचे नख, दोन घरांचा सात वर्षांचा अबोला आणि माझ्या सासूबाईंचे कपाट, कारण व्यासपीठाला फळ्या कमी पडल्या होत्या. हे लेखी कुठेच नाही, म्हणून इथे आधी लिहिले.

आता रीतसर. मी, धंद्याने सुतार, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार चर्चसमोर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो, पण रंधा धरला की गप्प बसतो. कानांच्या बाबतीत तर माझा हात धरणारा अख्ख्या मंडळीत कोणी नाही. बेकरीवाला शेवटच्या बाकावर अर्धा सूर घसरला तरी मला पहिल्या बाकावर कळते. डॉक्टरीणबाईंचा दाखला शेवटी जोडला आहे.

१. घर. या गावात मी एक पिशवी आणि एक पटाशी घेऊन आलो. अर्ध्या बांधलेल्या चर्चमध्ये झोपायचो आणि सकाळी त्याच चर्चच्या कामावर हजर व्हायचो. इतक्या वेळेवर येणारा कामगार गवंड्याने आधी पाहिला नव्हता. त्याने मला मुलगी दिली. पुढे बांधलेले हे घर, कारखान्याच्या शेडसह, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. याला कोणतीही अट नाही.

२. हत्यारे. नातीला द्यावीत. जावयाला देऊ नयेत. जावई माणूस सोन्यासारखा, बस उत्तम चालवतो, पण मी त्याला पान्याने खिळा ठोकताना या डोळ्यांनी पाहिले आहे.

३. दार. हे माझ्या मालकीचे नाही, तरी मी बसवले म्हणून दोन शब्द. चर्चचा नकाशा बेकरीवाल्याच्या वडिलांनी काढला आणि माझ्या सासऱ्यांनी तो उलटा धरला. त्यामुळे दार मागे यायचे ते व्यासपीठाच्या शेजारी आले, आणि तोवर व्यासपीठ मी जमिनीत पक्के ठोकले होते. सासरे मरेपर्यंत म्हणत, "मी सरळच धरला होता, त्यानेच उलटा काढला." अबोला तो हाच. तो सुटला माझ्या लग्नात, जेवण कमी पडले तेव्हा. तक्रार करायला दोन्ही घरे एक झाली.

तेव्हापासून आमच्याकडे उशिरा येणाऱ्याला पाळकांच्या कोपराला घासून, सगळ्यांच्या तोंडासमोरून आत यावे लागते. मागच्या भिंतीत दुसरे दार काढावे असा ठराव पंचांनी चार वेळा मांडला. तो पाचव्यांदा मांडू नये. त्या दारामुळेच आमची मंडळी वेळेवर येते. भक्तीमुळे येते असे मला तरी दिसलेले नाही.

४. बाजाची पेटी. ही माझ्या पत्नीची. तिने बत्तीस वर्षे चर्चमध्ये वाजवली, मुलीला शिकवली आणि गेली. मुलगी तिच्याच जागी, माझ्या बाकाच्या डाव्या हाताला बसून वाजवू लागली. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी, भर गीतात, मी उभा राहून म्हणालो, "थांब. पेटी उतरली आहे. तुझ्या आईने असं कधी वाजवलं नसतं."

ती म्हणाली, "बाबा, पेटी ठीक आहे."

मी म्हणालो, "कान कुणाचे आहेत?"

तिने झाकण लावले आणि त्या दारातून, सगळ्यांसमोरून, निघून गेली. जावई आणि दोन्ही मुले मागोमाग. ती माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. मी हात पुढे केला नाही.

ती घरी येते. डबा आणते, माझ्या गोळ्या मोजते. चर्चचा विषय काढला की भांडी आवाज करून घासते. आम्ही तेव्हापासून पेटीशिवाय गातो, आणि बेकरीवाला एक ओळ मागे असतो.

पेटी मुलीची. तिने ती घरी न्यावी, विकावी किंवा आहे तिथेच ठेवून वाजवावी.

५. शिल्लक. मुख्य कार्यालयाचे पत्र आले आहे: वर्षअखेर सभासद वीसपेक्षा कमी असतील तर चर्चला कुलूप. आज आम्ही सतरा आहोत. मी गेलो की सोळा. मुलीच्या घरी चार माणसे. बँकेतली सगळी शिल्लक चर्चच्या छपराला द्यावी, मुलगी येवो वा न येवो. तिला पैशाने बांधायची माझी इच्छा नाही. ती माझीच मुलगी आहे, जास्त दूर जाईल.

६. सूचना. ती आलीच तर त्याच दारातून येईल. त्या वेळी सगळ्यांनी पुस्तकात बघावे. पाळकसाहेबांनी उपदेश थांबवू नये, एरवीही ते थांबत नाहीत. आणि कोणीतरी तिला सांगावे की बाबा चुकला. तोंडाने सांगायला मला सहा वर्षे पुरली नाहीत. पेटीबद्दल माझे मत कायम आहे. चूक भर मंडळीत बोलण्याची.

साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही असे कळले, म्हणून बेकरीवाल्याला साक्षीदार केले आहे.

सही: सुतार
साक्षीदार १: बेकरीवाला (नकाशा सरळच होता.)
साक्षीदार २: शाळेच्या निवृत्त बाई
स्थळ: चर्चमधला पहिला बाक
दिनांक: कापणीनंतरचा दुसरा रविवार, उपासना सुटल्यावर

डॉक्टरांचा दाखला: यांना आज तपासले. स्मरणशक्ती व विचारशक्ती उत्तम. मृत्युपत्र करण्यास पूर्ण सक्षम. उजव्या कानाने ऐकू येते, सर्व प्रश्न त्याच बाजूने विचारले. डाव्या कानाने काही ऐकू येत नाही. दोष किमान सात वर्षांचा असावा.